ध्रुवीय समुद्रात जहाजाने जायचंय: अंटार्क्टिका की स्वालबार्ड, कोणतं जहाज, कोणता महिना?

माहुली_संगम (सातारा)
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आम्ही दोघं (वय ६३ आणि ५९) बर्फ आणि तिथले प्राणी बघायला जहाजाने जायचं म्हणतोय. पोहायचे तलाव आणि नाचगाणीवालं मोठं क्रूझ नको, रोज किनाऱ्यावर उतरवणारं जहाज हवं. अडलंय ते इथे:
दक्षिणेला जावं की उत्तरेला? एकदाच जमणार आहे.
जहाज निवडताना नक्की काय बघायचं? सगळ्यांच्या माहितीपत्रकात तोच पेंग्विन आणि तोच निळा हिमनग आहे.
कोणता महिना?
सौंना घाटातसुद्धा गाडी लागते. दक्षिणेला जाताना लागणारा ड्रेक पॅसेज हा खवळलेला समुद्र त्यांना झेपेल का?
गुडघे बरे आहेत, पण तरुण नाहीत. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कृष्णाकाठ (सांगली)
काका, जहाजापासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकलं की महिना कितीही अचूक निवडला तरी उपयोग नाही.

अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाज कंपन्यांची आयाटो नावाची संघटना आहे, १९९१ मध्ये स्थापन झालेली. तिचे दोन नियम आधी लक्षात ठेवा. एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी किनाऱ्यावर असू शकतात. आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच उतरवायचं नाही, त्यांनी डेकवरून बघून परत फिरायचं.

आता हिशेब करा. ९५-१०० प्रवाशांचं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात. १८०-२०० असतील तर दोन गट पडतात. एक गट किनाऱ्यावर, दुसरा रबरी होडीतून हिमनगांमध्ये फिरतो, मग अदलाबदल. हेही छान चालतं, कारण होडीतली फेरी तुम्हाला तशीही हवीच असते. पण ४००-५०० प्रवासी असले की चार-पाच पाळ्या होतात. सकाळच्या साडेतीन-चार तासांत प्रत्येकाच्या वाट्याला तासभरसुद्धा येत नाही आणि बाकीचा वेळ लाइफ जॅकेट घालून नाव पुकारायची वाट बघण्यात जातो.

म्हणून एजंटला पहिला प्रश्न केबिनच्या खिडकीचा विचारू नका. हे विचारा: या फेरीला एकूण प्रवासी किती? किनाऱ्यावर प्रत्यक्ष किती दिवस? (१० दिवसांच्या फेरीत ड्रेकमध्ये जाण्यायेण्याचे चार दिवस जातात, हातात पाच-साडेपाचच उरतात.) मार्गदर्शक किती? नियमाने किनाऱ्यावर २० प्रवाशांमागे एक लागतो, चांगल्या जहाजांवर त्याहून जास्त असतात. कंपनी आयाटोची सदस्य आहे का? यावर गुळमुळीत उत्तर आलं तर सरळ दुसरा एजंट बघा.

तासगाव_बेदाणा
एकाच सहलीत पेंग्विन आणि पांढरं अस्वल दोन्ही दाखवणारी एखादी कंपनी सुचवा.

कृष्णाकाठ (सांगली)
@तासगाव_बेदाणा अस्वल उत्तरेचं, पेंग्विन दक्षिणेचे. त्यांची गाठ फक्त आइस्क्रीमच्या जाहिरातीत पडते :) पण प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे. उत्तर-दक्षिण ठरवायचं ते याच एका गोष्टीवरून.

कास_पठार (सातारा)
मग उत्तरेची बाजू मी मांडतो. स्वालबार्ड हा नॉर्वेच्या उत्तरेकडचा द्वीपसमूह. लॉन्गयिअरब्येन हे तिथलं मुख्य गाव ७८ अंश उत्तरेला आहे. मुंबईहून ऑस्लो आणि तिथून पुढे विमान. म्हणजे दक्षिणेच्या मानाने प्रवास अर्धा आणि खर्चही बराच कमी. हंगाम मे ते सप्टेंबर. साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी न्या, नाहीतर झोपेचं गणित पार बिघडतं.

काय दिसतं: पांढरं अस्वल, वॉलरस, आखूड पायांचं स्वालबार्डचं रेनडिअर, आर्क्टिक कोल्हा, दाढीवाला सील. अल्केफ्येलेटच्या कड्यावर हजारो गिलेमॉट (समुद्रपक्षी) एकमेकांना खेटून बसलेले असतात. जहाज बराच वेळ फ्योर्डच्या (डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या) आडोशाला चालतं, त्यामुळे समुद्र लागणाऱ्यांना हा मार्ग सोपा जातो. काकूंसाठी हा मुद्दा मोठा आहे.

पण एक गोष्ट आधीच कळलेली बरी. १ जानेवारी २०२५ पासून तिथले नियम कडक झालेत. १ मार्च ते ३० जून अस्वलापासून ५०० मीटर लांब राहायचं, १ जुलैपासून फेब्रुवारीअखेर ३०० मीटर. संरक्षित भागात २०० हून जास्त प्रवाशांचं जहाज नेता येत नाही, आणि त्या भागात किनाऱ्यावर उतरायला ठरावीक ४३ जागाच आहेत. ३०० मीटरवरचं अस्वल नुसत्या डोळ्यांना बर्फावरच्या पिवळसर ठिपक्याएवढंच दिसतं. बर्फ पांढरा असतो, अस्वल साईसारखं पिवळट, ओळखायचं ते यावरूनच. ८×४२ ची दुर्बीण दोघांना दोन घ्या. एकीत भागवायला गेलात तर ऐन वेळी ती दुसऱ्याच्या हातात असते. अस्वलासाठीच जायचं असेल तर जुलै. अंतर ३०० वर आलेलं असतं आणि उत्तरेला तरता बर्फही शिल्लक असतो.

मिरज_तंबोरा
३०० मीटर म्हणजे फारच लांब झालं की. लाखो रुपये भरून ठिपका बघायचा?

कास_पठार (सातारा)
@मिरज_तंबोरा अस्वल पिल्लाला पाजत असतं किंवा सीलच्या बिळावर तासन्‌तास दबा धरून असतं. जहाज जवळ आलं की ते उठून चालू लागतं आणि ती शिकार हातची जाते. उन्हाळ्याआधीच्या महिन्यांत खाऊन साठवलेल्या चरबीवर त्याचं पुढचं वर्ष निघतं. त्या दिवसांत अंतर जास्त ठेवलंय ते याचसाठी. आपल्याकडे कासला फुलं तुडवली जायला लागली तेव्हा कुंपण आणि रोजची मर्यादा आलीच ना? मला तर हे ३०० मीटर योग्य वाटतात.

सागरेश्वर_हरीण (सांगली जिल्हा)
मी स्पष्ट विरोधात लिहितोय, राग मानू नये. मुळात जावंच का? अंटार्क्टिकाला आता एका हंगामात लाखाच्या वर पर्यटक जातात. मुंबईहून अर्धी पृथ्वी ओलांडून विमानाने जायचं, मग डिझेल जाळत जहाजाने, आणि वितळणारा बर्फ बघून हळहळायचं. किंग जॉर्ज बेटावर माणसांबरोबर गेलेलं पोआ ॲन्युआ गवत रुजलं होतं, ते उपटून काढायला वर्षं गेली. बर्फावर प्रेम असेल तर त्याला एकटं सोडा.

कृष्णाकाठ (सांगली)
@सागरेश्वर_हरीण राग कसला, मुद्दा खरा आहे. विमानाचा धूर कोणत्याही युक्तिवादाने कमी होत नाही. जायचंच असेल तर एकदाच आणि नीट जावं, दरवर्षी नवा खंड मोजायला नको, हे मलाही पटतं. पण जहाजाचं थोडं वेगळं आहे. २०११ पासून तिथे जड इंधन तेल जाळायलाच काय, वाहून न्यायलाही बंदी आहे. २०१७ पासून ध्रुवीय जहाजांसाठी पोलर कोड लागू आहे. आणि जाणाऱ्याच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही सांगितलेल्या गवताचीच आहे: कपड्यांतून बी न नेणं.

यवतेश्वर_वारा (सातारा)
त्यावर मी लिहिते. हा भाग सगळे गडबडीत उरकतात आणि आपल्या भागातल्या लोकांनी तर जास्तच काळजी घ्यायला हवी.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर माळावर, किल्ल्यावर फिरलं की मोज्यांत कुसळं घुसतात. कुसळाचं टोक सुईसारखं असतं, मागे वळलेले बारीक केस असतात. त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कपडे धुतले तरी निघत नाही, उलट आणखी आत जातं. हेच मोजे आणि बूट घालून कोणी बर्फावर उतरलं तर ते बी थेट पेंग्विनच्या वसाहतीत.

किनाऱ्यावर उतरण्याआधी जहाजावर सगळ्यांचे वरचे कपडे, बॅगा, कॅमेऱ्याची पिशवी, काठ्या तपासतात. व्हॅक्यूम क्लिनर असतो, पण व्हेल्क्रोपुढे तो हरतो. व्हेल्क्रोच्या आकड्यांत अडकलेलं बी चिमट्यानेच निघतं. म्हणून हे काम घरी, उजेडात बसून करा. चिमटा, टाचणी आणि जुना दात घासायचा ब्रश घ्या. जॅकेटच्या बाह्यांचे व्हेल्क्रो उघडून ब्रश आडवा फिरवा, खिसे उलटे करून शिवणीतला कचरा काढा. बॅगेच्या तळाशी हमखास काहीतरी असतं: तीळ, बडीशेप, गवताचं फूल. काठीची टोकं खोलून आतली माती धुवा. गडावर घालता ते बूट नेऊच नका. किनाऱ्यासाठी गमबूट बहुतेक जहाजांवर मिळतात, ते उतरताना आणि परतताना जंतुनाशकाच्या पाण्यात घासून घ्यावे लागतात.

दुसरं, बर्ड फ्लूचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो साउथ जॉर्जिया बेटावर आढळला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. तेव्हापासून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, आडवं व्हायचं नाही, बॅग जमिनीवर ठेवायची नाही. फक्त बुटांचे तळवे जमिनीला लागले पाहिजेत. फोटोसाठी लोळण घेणाऱ्यांनी आत्ताच मनाची तयारी ठेवावी.

तासगाव_बेदाणा
आणि पेंग्विनच जवळ आला तर?

यवतेश्वर_वारा (सातारा)
पाच मीटर अंतर आपण ठेवायचं, फर सीलपासून पंधरा. पेंग्विनला हा नियम माहीत नाही. तो आला तर जागच्या जागी थांबा, हात पुढे करू नका. वसाहतीतून समुद्राकडे जाताना त्यांच्या पायांनी बर्फात खोल चर पडतो. त्या चरात उभं राहायचं नाही आणि तो ओलांडताना पेंग्विन येत असेल तर थांबायचं. आपल्या बुटाचा फूटभर खोल खड्डा त्यात पडला तर आखूड पायांचा पेंग्विन अडकून बसतो. मार्गदर्शक म्हणूनच निघताना आपापल्या बुटांचे खड्डे बुजवायला लावतात.

औंध_वाट
महिन्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून. दक्षिणेचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो, पेंग्विन जोड्या जमवत, दगड गोळा करत असतात. जेंटू पेंग्विनचं घरटं म्हणजे खड्यांचा ढीग. शेजाऱ्याचा खडा चोरायचा आणि आपला राखायचा हे दिवसभर चालू असतं, बघत राहावं असं. पण पिल्लं नसतात आणि काही खाड्या गोठलेल्या असल्याने जहाज आत जात नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारी पिल्लं फुटतात, दिवस जवळजवळ चोवीस तासांचा, हवा त्यातल्या त्यात मऊ (किनाऱ्यावर शून्याच्या आसपास), आणि भाडं सर्वांत जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे सर्वांत चांगले दिसतात. हंपबॅक देवमासे पोटभर क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊन सुस्तावलेले असतात, होडीच्या जवळ येऊन श्वास सोडतात. पिल्लं मोठी होऊन पिसं टाकत असतात, बर्फ मळलेला, ठिकठिकाणी शेवाळाने लाल-हिरवा, आणि वसाहतीचा वास अंगात मुरतो. क्रिल खाऊन पेंग्विनची विष्ठा गुलाबी होते, सगळा उतार त्याच रंगाचा.

एम्परर पेंग्विनची आशा धरू नका. तो साध्या फेरीत क्वचितच दिसतो. स्नो हिल बेटावरची त्यांची वसाहत बघायला हेलिकॉप्टर असलेलं जहाज लागतं. किंग पेंग्विन हवे असतील तर साउथ जॉर्जिया. सेंट अँड्र्यूज बेला लाखाहून अधिक जोड्या आहेत, ग्रिटविकेनला अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी शॅकल्टनची समाधी आहे. पण ती फेरी तीन आठवड्यांच्या आसपासची आणि समुद्रावरचे दिवस कितीतरी जास्त.

वारणा_डॉक्टर (सांगली जिल्हा)
काकूंच्या मळमळीबद्दल. हॉर्न भूशिराजवळून साउथ शेटलंड बेटांपर्यंत ड्रेक पॅसेज सुमारे ८०० किलोमीटर रुंद आहे. त्या अक्षांशावर वारा अडवायला पृथ्वीभोवती कुठेच जमीन नाही, म्हणून लाटा इतक्या वाढतात. जहाजाला साधारण दीड ते दोन दिवस लागतात. कधी तळ्यासारखं शांतही मिळतं, पण त्यावर भरवसा ठेवून तयारी करू नये.

केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या. झोपाळ्याचं टोक जास्त हलतं, कडीजवळ कमी, तोच न्याय. नेमक्या याच केबिन स्वस्त असतात. बाल्कनीवाली वरची महागडी केबिन काकूंना त्रासच देईल.

औषध लाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, पोटातून ते उलटूनच जातं. बीगल चॅनेल या सुरुवातीच्या सामुद्रधुनीतलं पाणी शांत असतं. बंदर सोडल्यावर पहिले काही तास त्यातच जातात, तेवढ्यात गोळी घ्या. आपल्याकडे मिळणारी प्रोमेथाझिन (अवोमिन) चालते, पण झोप आणते, तोंड कोरडं पडतं. मेक्लिझिनने गुंगी कमी येते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी तीन दिवस चालते, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती नको, आणि पट्टी हाताळल्यावर न धुतलेला हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धुरकट दिसतं. वयाची साठी गाठलेल्यांनी कोणतीही गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि घरी एकदा घेऊन बघून मगच न्यावी. दोन-तीन औषधं एकत्र करू नका.

पोट रिकामं ठेवू नका. कोरडं, थोडं थोडं खा. आडवं पडून डोळे मिटले की निम्मा त्रास जातो. चालताना एक हात कायम कठड्याला, आणि दाराच्या चौकटीत बोटं कधीही नाही. जहाजावर हात मोडतात ते बर्फावर घसरून नव्हे, डोलताना आपटलेल्या जड दारात.

कोरेगाव_आलं
डॉक्टर, आलेपाक चालेल का? आमच्या साताऱ्याचं आलं आहे, औषधापेक्षा चवीला बरं.

वारणा_डॉक्टर (सांगली जिल्हा)
चालेल. आल्याने मळमळ काही जणांना कमी होते, अपाय नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्त खाऊ नका. पण ते गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला.

भडंग_प्रेमी (सांगली)
विषय निघालाच आहे तर: भडंग नेता येईल? आणि कंदी पेढे? जहाजावर शाकाहारी जेवण मिळतं का?

यवतेश्वर_वारा (सातारा)
@भडंग_प्रेमी शाकाहारी मिळतं, पण बुकिंगच्या वेळी भरायच्या फॉर्मवर लिहिलंत तरच. जहाज बंदरातून निघाल्यावर डाळ येणार कुठून? "शाकाहारी" एवढं लिहून भागत नाही, मासे आणि अंडी चालतात की नाही हे स्पष्ट लिहा. जैन जेवणासाठी कांदा-लसूण-बटाटा वेगळा नोंदवा.

खाऊचं म्हणाल तर चिली देश बियाणं, फळं, दूध यांबाबत फार कडक आहे, अर्जेंटिनातही तपासणी होते. घरचे सुटे शेंगदाणे, खवा, बेदाणे अडकतात. कारखान्यात बंद केलेलं, वर घटक छापलेलं पाकीट न्या आणि फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड होतो. खव्याचे पेढे मात्र घरीच खाऊन निघा. आणि जहाजावरून किनाऱ्यावर जाताना खिशात एक दाणासुद्धा नको. किनाऱ्यावर खाणं पूर्ण बंद आहे, आणि भडंगाचा एक कुरमुरा म्हणजे स्कुआ पक्ष्याला आमंत्रण.

मिरज_तंबोरा
मैत्री आणि भारती ही आपली केंद्रं बघायला मिळतात का या फेरीत? घरातली मुलं हेच विचारतायत.

औंध_वाट
नाही. पर्यटक जहाजं दक्षिण अमेरिकेसमोरच्या द्वीपकल्पावर जातात. मैत्री (१९८९) आणि भारती (२०१२) खंडाच्या पूर्वेकडच्या बाजूला, तिथून हजारो किलोमीटर लांब. मुलांना हे पण सांगा: भारत अंटार्क्टिक करारात १९८३ साली सामील झाला आणि २०२२ मध्ये आपला स्वतःचा अंटार्क्टिक कायदा झाला. आपलं केंद्र असलेल्या गावाजवळ जायचंच असेल तर स्वालबार्ड. न्यू-ओलेसुंदला २००८ पासून आपलं हिमाद्री आहे. द्वीपकल्पावर पोर्ट लॉकरॉयला १९४४ चा जुना ब्रिटिश तळ आहे, आता तिथे संग्रहालय आणि टपाल कार्यालय चालतं. मुलांना पत्र तिथून टाका, घरी यायला आठवडे किंवा महिने लागतील.

कृष्णाकाठ (सांगली)
प्रवास आणि कागदपत्रं, कारण गाडी बहुतेक इथेच अडते.

जहाज जिथून सुटतं त्या अर्जेंटिनातल्या उशुआइयाला जायला मुंबईहून ब्यूनोस आयरेस आणि तिथून आणखी साडेतीन तासांचं विमान. ब्यूनोस आयरेसला आंतरराष्ट्रीय विमान एझेइझाला उतरतं आणि देशांतर्गत बहुतेक विमानं एअरोपार्केहून सुटतात. दोन्हींमध्ये सगळं शहर आहे. दोन विमानांत पाच-सहा तासांहून कमी अंतर ठेवू नका. देशांतर्गत सामानाची मर्यादा कमी असते, तीही आधी बघा. सातारा-सांगलीहून निघाल्यापासून पोचेपर्यंत दोन दिवस धरा, आणि जहाज सुटण्याच्या किमान दोन दिवस आधी उशुआइयात असा. सामान मागे राहिलं तर ते यायला तेवढा वेळ लागतो. जहाज थांबत नाही.

व्हिसा: अर्जेंटिनाचा, शक्यतो एकाहून जास्त प्रवेशांचा. पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर जाणारी फेरी घेतली तर चिलीचा. स्वालबार्डला खास सांभाळा: स्वालबार्ड शेंगेनच्या (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांच्या) बाहेर आहे, पण तिथे जायचं नॉर्वेतून. म्हणजे ऑस्लोला एकदा आत आलात, स्वालबार्डला जाताना बाहेर पडलात, परतताना पुन्हा आत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीला दारातच उभं राहावं लागेल. दोन किंवा अनेक प्रवेशांचा मागा आणि अर्जाला जहाजाचं वेळापत्रक जोडा.

पीतज्वराची लस: अर्जेंटिना, ब्राझील, इथिओपिया यांसारख्या देशांतून परत येणाऱ्यांकडे आपलं सरकार प्रमाणपत्र मागतं. लस अधिकृत केंद्रावरच मिळते, सगळ्या दवाखान्यांत नाही, आणि टोचल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होते. काका, तुम्ही साठीपुढचे, त्या वयात या लसीचा धोका जास्त असतो, डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

विमा: नेहमीच्या पॉलिसीत अंटार्क्टिका वगळलेलं असू शकतं. "जहाजावरून वैद्यकीय कारणाने हलवणं" हे शब्द आणि रक्कम दोन्ही कागदावर बघा. एक लाख डॉलरच्या खाली नकोच, पुष्कळ कंपन्या दोन लाख किंवा जास्त मागतात. जहाजावर डॉक्टर असतो, शस्त्रक्रियेची सोय नसते. हवा बिघडली तर विमान यायलाच काही दिवस लागू शकतात.

पैसे: द्वीपकल्पाची फेरी माणशी सहा-सात हजार डॉलरपासून पुढे, विमानभाडं वेगळं. परदेशी सहलीवर टीसीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापतात, तो विवरणपत्रात जमा धरला जातो, पावती जपून ठेवा.

सज्जनगड_पायऱ्या
गुडघ्यांबद्दल. होडीत चढउतार हेच खरं अवघड काम, बर्फावरची चाल सावकाश असते. जहाजाच्या बाजूच्या शिडीने खाली यायचं, खाली होडी लाटेबरोबर वरखाली होत असते. दोन्ही हात मोकळे हवेत, बॅग पाठीवर, कॅमेरा आत. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याचा पंजा धरायचा नाही. त्याच्या मनगटाच्या वर धरायचं आणि तो तुमच्या मनगटाच्या वर धरतो. ओले पंजे सुटतात, मनगटं सुटत नाहीत. होडी वर येईपर्यंत थांबायचं, तो "आता" म्हणाला की फुगीर कडेवर एक पाय, मग होडीत मध्ये एक पाय, लगेच कडेवर बसायचं आणि बसल्या बसल्या सरकायचं. किनाऱ्यावर उतरताना पुढच्या टोकापाशी सरकून पाय बाहेर टाकायचे आणि गुडघाभर पाण्यात हळूच उतरायचं. उडी कधीच नाही. घसरतात ते शेवाळलेल्या गोट्यांवर.

तयारीला तीन महिने आठवड्यातून चारदा पायऱ्या: चढण्यापेक्षा उतरण्यावर भर, आणि एका पायावर अर्धा मिनिट उभं राहायचा सराव. सज्जनगड रोज जमणार नाही, घराचा जिना पुरे.

आणि जलरोधक पँट विसरू नका. जॅकेट पुष्कळ कंपन्या देतात, पँट बहुधा स्वतःची लागते. लोक महागडं जॅकेट घेतात आणि पँट साधी. होडीतला शिंतोडा मांडीवरच येतो, आणि ओल्या पँटीत एक तास काढणं अशक्य आहे. पँट गमबुटाच्या बाहेर घालायची, आत खोचली तर पाणी बुटात जातं. आतले कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक, सुती अजिबात नको, सुती ओलं झालं की वाळत नाही.

फोटो_कट्टा (कराड)
कॅमेऱ्याचं थोडक्यात. थंडीत बॅटरी निम्म्यावर येते, जादा बॅटऱ्या शर्टाच्या खिशात अंगालगत ठेवा. परत उबदार केबिनमध्ये येताना बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत बाष्प धरतं. बर्फावर कॅमेरा फसून फोटो करडा काढतो, एक्स्पोजर एकने वाढवा. ड्रोन घरी ठेवा, पर्यटकांना मनाई आहे. लेन्स दक्षिणेला १००-४०० भरपूर, स्वालबार्डला तीही अपुरी वाटेल.

माहुली_संगम (सातारा)
मंडळी, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. कुसळांचं तर ध्यानीमनी नव्हतं. सागरेश्वर यांचा मुद्दाही घरात वाचून दाखवला, एकदाच जाऊ. सौंचं म्हणणं पेंग्विनच बघायचे. पण ड्रेकची भीती आहेच. विमानाने ड्रेक ओलांडणारी फेरी घ्यावी का?

औंध_वाट
काका, पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटावर दोन तासांत पोचाल, ड्रेक टळेल. पण तिथली धावपट्टी खडीची, आणि धुकं आलं की विमान उतरत नाही. एखाद-दोन दिवस अडकलात तर ते पाच-सहा दिवसांतूनच जातात, परतीचंही तसंच. भाडं जास्त. ही फेरी घेतलीत तर मागेपुढे दोन-दोन दिवस मोकळे ठेवा.

वारणा_डॉक्टर (सांगली जिल्हा)
माझं मत सांगतो. मळमळ होणं आणि आजारी पडणं यात फरक आहे. खालची मधली केबिन, वेळेवर गोळी, पहिला दिवस आडवं पडून: घाटात गाडी लागणारी बहुतेक माणसं एवढ्यावर निभावतात. जास्त काळजी हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, डायलिसिस यांची. तसं काही नसेल तर जहाजानेच जा.

कृष्णाकाठ (सांगली)
सगळं धरून: २०० च्या आतलं जहाज, ११-१२ दिवसांची द्वीपकल्पाची फेरी, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. पिल्लं असतात, देवमासे असतात, भाडं नाताळपेक्षा उतरलेलं. आधी मोजा, मग पैसे भरा: किनाऱ्याचे दिवस पाचाच्या खाली नकोत. आणि ठिकाणांची यादी पक्की समजू नका. लेमेअर चॅनेल बर्फाने बंद असेल, डिसेप्शन बेटाच्या अरुंद तोंडातून जोराच्या वाऱ्यात कप्तान आत शिरणार नाही. वारा २५-३० नॉटच्या पुढे गेला की होड्या पाण्यात उतरवतच नाहीत. दुसरं ठिकाण शोधतात आणि तेही तितकंच सुंदर असतं.

माहुली_संगम (सातारा)
ठरलं. फेब्रुवारी, जहाजाने, खालची मधली केबिन. शेवटचा प्रश्न: गमबुटाचं माप आधी कळवायला सांगितलंय. नेहमीचंच देऊ का?

सज्जनगड_पायऱ्या
नाही काका. दोन जोड मोजे घालून, संध्याकाळी पाय सुजलेले असताना मापून बघा, एक माप मोठं निघेल. तेच कळवा. बूट घट्ट असला तर रक्त खेळत नाही आणि लोकरीचे मोजे असूनही बोटं गार पडतात. काकूंचंही असंच मापा.